सांगलीहून मालवण, चार दिवस: किल्ला, डॉल्फिन, कासवं, पक्षी कसं बसवायचं?

बेदाणा_विश्रामबाग

सहा जण आहोत. आई-वडील सत्तरीच्या आसपास, आम्ही दोघं, मुलगी १२ आणि मुलगा ९ वर्षांचा. गाडी सात सीटर. सांगलीहून निघून तीन रात्री मुक्काम, चौथ्या दिवशी रात्रीपर्यंत घरी. ठिकाण मालवण-तारकर्ली नक्की आहे, गोवा नको.

१) नाताळच्या सुट्टीत जावं की फेब्रुवारीत?
२) फोंडा घाट, करूळ की आंबोली?
३) एका ठिकाणी पॅकेज सांगितलंय: "सकाळी ९ ते संध्याकाळी ५, डॉल्फिन + संगम + किल्ला + स्नॉर्केलिंग, सगळं एकाच दिवसात." घ्यावं का?
४) मुलांना कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची आहेत. ते मिळेल का?
५) आई जैन आहार घेते. मालवणात तिचं काय?

---

फोंड्याखाली

पॅकेज सोडा, आधी कालनिर्णय काढा. तारीख तिथीवरून ठरवा, हॉटेल मग बघू.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरती भरायची वेळ मिळते. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला आणि रात्री पुन्हा साधारण साडेआठला भरती पूर्ण. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. शुक्ल असो की वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं. रोज भरती पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, हेही त्यातच आलं.

हे कशासाठी? थंडीत पहाटेपासून साधारण दहा-अकरापर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं शांत. अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारी पाण्यावर चुळबुळ वाढते. लाटा छोट्याच असतात, पण डॉल्फिनचा पंख आणि लाटेचा शेंडा यात फरक कळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना बोट लागते. म्हणजे सकाळ शांत हवी आणि त्याच सकाळी पाणी भरलेलंही हवं. दोन्ही जुळतं ते दशमी ते त्रयोदशी या तिथींना. तुमचे मधले दोन दिवस द्वादशी-त्रयोदशी येतील असं बघा.

आता तुमच्या पॅकेजचं. नऊला सुरू करून डॉल्फिन बघायला साडेदहा होतात, म्हणजे वारा फिरतानाच. स्नॉर्केलिंग दुपारी, पाणी उतरत असताना, तेव्हा गाळ हलतो आणि दोन हातांपलीकडे काही दिसत नाही. किल्ला भर उन्हात. चारही गोष्टी होतात, चारही फिक्या होतात.

त्याऐवजी असं बसवा.

पहिला दिवस, एकादशी: सांगली सकाळी सहाला सोडा, जेवायला मालवण. दुपारी झोपा. संध्याकाळी मालवण जेटीवर मासळीचा लिलाव बघा, ट्रॉलर आणि छोट्या होड्या परतायची ती वेळ. टोपल्या ओढणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका. तिथून दांडी किनाऱ्याच्या बाजूला मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा झाली तो खडक, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत.

दुसरा दिवस, द्वादशी: पावणेसातला देवबाग किंवा तारकर्लीहून डॉल्फिनची होडी. भरती नऊला भरते, म्हणजे जाताना पाणी आत येत असतं आणि कर्ली नदीच्या मुखाशी त्रास होत नाही. उलट, ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा आला की मुखाशी लाटा उभ्या राहून फुटतात. आई-वडिलांसोबत ते नको. नऊपर्यंत परत. दुपारनंतर धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ. तलाव १६ व्या शतकातला, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठच्या झाडीत संध्याकाळी धनेश दिसण्याची शक्यता चांगली.

तिसरा दिवस, त्रयोदशी: सकाळी पहिल्या होडीने किल्ला. भरती पावणेदहाची, त्यामुळे होडी आणि धक्का यातलं अंतर कमी असतं. पूर्ण ओहोटीला तेच अंतर वाढतं आणि गुडघे दुखणाऱ्याला होडीत चढवताना दोघांनी धरावं लागतं. किल्ल्यावरून आलात की मुलांचं स्नॉर्केलिंग. भरती भरली की पाणी थोडा वेळ थबकतं, त्याच वेळात पाण्यात असायचं. दुपारी वेंगुर्ला, तिसरी रात्र तिथे.

चौथा दिवस: कासवांसाठी वेंगुर्ल्याजवळची वायंगणी, मग सावंतवाडी-आंबोली-आजरा-गडहिंग्लजमार्गे कोल्हापूर आणि घर.

नाताळ ते १ जानेवारी मालवणात गाडी लावायला जागा नसते आणि होडीला रांग असते. फेब्रुवारी घ्या. फक्त आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा टाळा. ती बहुतेक फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येते, तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण, मसुरे, कणकवली इथे खोली मिळणं कठीण आणि कणकवलीपासून रस्ता जाम.

---

कोयनाकाठ

वरचं नियोजन चांगलं आहे, रस्त्याचं मी भरतो.

सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-फोंडा-कणकवली-कसाल-मालवण. साधारण २०० किमी, चहा-नाश्ता धरून साडेपाच ते सहा तास. करूळ घाटाचं काम बराच काळ चाललं होतं, त्यामुळे त्या वाटेने जायचं असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा. तुमच्यासाठी फोंडाच बरा.

राधानगरीच्या पुढे अभयारण्य आहे, ३५१ चौरस किमी, गव्यांसाठी प्रसिद्ध. गवे रस्त्यावर येतात ते मुख्यतः पहाटे आणि दिवस मावळल्यावर. सहाला निघून साडेनऊ-दहाला तिथे पोचलात तर अडचण नाही. फोंड्यानेच परत येणारे मात्र संध्याकाळी सातनंतर घाट चढायला लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. गवा काळा, डांबर काळं, आणि त्याचे डोळे दिव्यात हरणासारखे लांबून चमकतीलच असं नाही. दिसला तर तीस-चाळीस मीटरवर थांबा, दिवा खालचा ठेवा, हॉर्न नको. एक गवा पलीकडे गेला की लगेच गाडी काढू नका, मागे कळप आहे असंच धरायचं. पिल्लू मध्ये राहिलं आणि गाडी आली, तर मादी गाडीवर येते.

मुलांना गाडी लागत असेल तर गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, दाजीपूरच्या अलीकडे द्या. डोस डॉक्टरांकडून विचारून घ्या. वळणं लागल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

सातारा-कराडकडच्या कुणी हे वाचत असेल आणि फक्त कासवंच बघायची असतील, तर मालवणपर्यंत जायची गरज नाही. आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड, मंडणगड करून वेळास गाठा. नाना फडणवीसांचं गाव. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांचं काम उभं केलं. शेजारी बाणकोटचा किल्ला, आणि खाडीपलीकडे वेसवी-बागमांडला फेरीने हरिहरेश्वर. घरगुती राहणं, साधं जेवण.

---

सुरय_बघणारा

फोंड्याखाली यांच्या तिथीच्या हिशेबाला माझा आक्षेप नाही, पण तो हिशेब होडीवाल्याचा आहे. पक्ष्यांना उलटा लागतो.

चिखल्या, तुतवार, कोरल हे सगळे ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळात आणि खडकात चरतात. भरतीला ते कुठेतरी वाळूच्या पट्टीवर डोकं पंखात घालून बसलेले असतात. द्वादशीला ओहोटी दुपारी सव्वातीनला, उन्हाने हवा थरथरते, दुर्बिणीतून नीट दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला येते, ऊन तिरपं, खडक लांबपर्यंत उघडे. पक्ष्यांसाठी ती वेळ. शिवाय उधाण असल्यामुळे पाणी सर्वांत जास्त आत जातं.

सहकुटुंब असाल तर त्यांचंच नियोजन ठेवा, मात्र तिसऱ्या दिवशीची वेंगुर्ल्याची संध्याकाळ मांडवी खाडीच्या कांदळवनासाठी राखा. त्रयोदशीला पाणी चारच्या सुमाराला पूर्ण उतरतं, साडेपाचपर्यंत गाळ उघडा असतो. किनाऱ्यावर कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) फेब्रुवारीत भरपूर. मार्च सरता सरता कुरव उत्तरेला निघतात. मोठा शिकारी हवा असेल तर काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. उंच माडावर किंवा जुन्या आंब्यावर काटक्यांचं भलंमोठं घरटं दिसलं तर त्याखाली घोळका करू नका, आणि ड्रोन तर बिलकूल नको.

८×४२ ची दुर्बीण पुरते. १० पटीच्या वरची घेतली तर होडीत हात हलतो आणि काहीच दिसत नाही.

आणखी एक. सांगलीहून भडंग नेणारच तुम्ही, न्या. पण ते कुरवांना टाकू नका. एकदा फेकलं की पन्नास पक्षी होडीवर येतात, मुलांना मजा वाटते. मग ते पक्षी मासे सोडून होड्यांच्या मागे लागतात, आणि तळलेलं-तिखट त्यांच्या पोटाला सोसत नाही. स्नॉर्केलिंगला बिस्किटाचा चुरा टाकून मासे जमवणारेही असतात. आमच्यासाठी टाकू नका म्हणून आधीच सांगा. ते सगळं पाणी मालवण सागरी अभयारण्याचं आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किमी. प्रवाळावर उभं राहणंही तितकंच वाईट. काही मिनिटं टेकलेल्या पायाखाली जे मोडतं, त्याला वाढायला वर्षं लागलेली असतात.

---

बेदाणा_विश्रामबाग

खूप आभार सगळ्यांचे. तिथीवरून फेब्रुवारीचे दोन आठवडे काढले, जत्रेची तारीख कळली की एक निवडतो. तीन शंका राहिल्या.

कासवाची पिल्लं वायंगणीत नक्की दिसतात का? ९ वर्षांच्या मुलाला स्कूबा चालेल का? आणि वडील तरुणपणापासून कृष्णेत पोहतात, ते समुद्रात उतरणारच म्हणतात. अडवायचं का?

---

देवबाग_पाणबुडा

शेवटचं आधी. हो, अडवा, निदान संगमावर तरी.

नदीत पोहणाऱ्याला काठाला समांतर ओढ माहीत असते. तिरकं पोहत दोनशे मीटर खाली कुठेतरी काठ मिळतो, हे त्याच्या अंगात बसलेलं असतं. समुद्रातली ओढ काठापासून सरळ आत नेते. पट्टीचा पोहणारा काठाकडे तोंड करून ओढीच्या विरुद्ध जोर लावतो, पाच मिनिटांत दमतो, आणि तिथे फसतो. ओढीची जागा ओळखता येते: दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मध्ये एक गडद पट्टा असतो, जिथे लाट फुटत नाही. नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलं तर काठाला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर यायचं, मग लाटांबरोबर काठाला. देवबागच्या संगमाजवळ वाळू एकदम खोल जाते आणि ओहोटीला नदीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. तिथे कंबरभर पाण्यातही उतरू नये. तारकर्लीच्या सरळ किनाऱ्यावर, जीवरक्षक असतील तिथे, भरती चढत असताना, कंबरेपर्यंत. एवढं वडिलांना मान्य करून घ्या. कृष्णेत मगरीचं भान ठेवतात ना, तसंच इथे ओढीचं.

लाइफ जॅकेटचं: होडीवाला देतो ते मोठ्यांचंच असतं बहुधा. मुलाला घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते वर जाईल आणि मूल खाली. लहान माप मागा. नसेल तर दुसरी होडी. पायांमधून घ्यायचा पट्टा असला तर तो लावल्याशिवाय निघू नका.

स्कूबाला किमान वय १०. मुलगी करू शकते, मुलगा स्नॉर्केलिंग. तुम्ही मोठे करणार असाल तर दमा, फीट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांतलं काही असल्यास करू नये. सर्दी असेल तर त्या दिवशी नाहीच. पाच मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दीडपट होतो. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, पहिल्या मीटरपासूनच आणि दर थोड्या अंतराने. कान दुखायला लागल्यावर नाही. दुखलं की थोडं वर या, जोराने फुंकू नका. सर्दीत नाक आणि कान जोडणारी नळी बंद असते, तेव्हा कानाचा पडदा फाटायची भीती खरी आहे.

आणि घाटाचं कुणी सांगत नाही. डुबकी मारल्यावर लगेच उंचावर जाऊ नये. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटर. त्यामुळे स्कूबा तिसऱ्या सकाळी आणि घाट चौथ्या दिवशी, हे बरोबर बसतंय. परतीच्या सकाळी "जाता जाता एक डुबकी" असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

बाकी किरकोळ: उथळ वाळूत पाय उचलून नाही, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. जेलीफिश चावली तर वाळूने चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. जाळ्यातून काढून टाकलेला समुद्रसाप किनाऱ्यावर पडलेला दिसला तर मेलाय असं समजून मुलांना हात लावू देऊ नका. अत्यंत विषारी असतो.

---

कोयनाकाठ

कासवांबद्दल: "नक्की" असं काही नसतं. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री येऊन शंभरच्या आसपास अंडी घालते. ती अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवतात, पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. वाळू गार असली तर उशिरा. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटचा बरा, मार्चचा पहिला पंधरवडा आणखी बरा. निघायच्या दोन दिवस आधी गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला विचारा की कुठलं घरटं दिवसांवर आलंय. पिल्लं सोडतात ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. साडेसहाला तिथे हजर राहा, आठला पोचून उपयोग नाही.

दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, पिल्लू हातात घ्यायचं नाही. त्याला वाळूवरून स्वतः चालत जाऊ देतात, उचलून पाण्यात टाकत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन मादी शोधत फिरू नका. उजेड दिसला की ती अंडी न घालता परत जाते.

दिसली नाहीत तरी वेंगुर्ला वाया जात नाही. डचांची १७ व्या शतकातली वखार आहे, पडझड झालेली, पण सिंधुदुर्ग बघून आलेल्या मुलांना दाखवावी अशी. किनाऱ्यावर कोण कोण येऊन बसलं होतं आणि महाराजांना पाण्यात किल्ला का लागला, हे तिथे एका वाक्यात सांगता येतं.

---

हातकणंगले_नाका

आईंच्या जेवणाबद्दल. मालवणात शाकाहार मिळतो, जैन मागून घ्यावा लागतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, उसळी, सगळ्यात वाटपाला कांदा आणि लसूण. सोलकढीतही लसूण ठेचून घालतात, लोक तिथे हमखास विसरतात. आदल्या रात्री सांगितलं तर घरगुती खानावळीत कांदा-लसूण वगळून नारळाचं वाटप करून देतात, ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं तर नाही. घावणे आणि नारळाचा रस, तांदळाची आंबोळी, ओल्या काजूची उसळ (फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजू येतात, तीही बिनकांद्याची सांगून) यांवर त्यांचं छान भागेल. मासे तळायचा तवा वेगळा आहे का, हे मात्र स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारा.

मासे खाणाऱ्यांनी सुरमई किंवा पापलेटची थाळी मागवताना दर आधी विचारावा, तुकड्याच्या आकारावर तो बदलतो.

---

फोंड्याखाली

किल्ल्यावर काय बघायचं ते राहिलं होतं. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, ती वाढवून मागा, दीड तास तरी. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, काम तीन वर्षं चाललं, पायात शिसं ओतलंय. दरवाजा समुद्रावरून दिसत नाही, अगदी जवळ गेल्यावर वळणात सापडतो. मुलांना होडीतूनच शोधायला लावा. दरवाजाजवळच्या छोट्या घुमट्यांत महाराजांच्या हाता-पायाचा ठसा, आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आतली वाट सपाट, आई-वडिलांना जमेल. तटावर मात्र त्यांना चढवू नका, पायऱ्या उंच आहेत आणि धरायला काही नाही. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी जास्त असते, म्हणून तिसरा दिवस रविवार येऊ देऊ नका.

शेजारच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याला दांडीकडून ओहोटीत चालत जाता येतं, पण ते उधाणाच्या ओहोटीला. तुमच्या तिथींना सकाळी पाणी असेल, तेव्हा यावेळी सोडा. होडी ठरवताना दर माणशी की होडीचा, किती तास, आणि किल्ल्याचा कर त्यात आहे का, हे तिन्ही जेटीवर उभं असतानाच विचारून घ्या.